पानाच्या मागची बाजू

गुलाबावर मावा पडला की तो आधी कळीच्या मानेशी दिसतो. हिरवा, मोहरीहून बारीक, अंगाला अंग लावून बसलेला. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. मला स्वतःला झाडांची आवड कधीच नव्हती. माहेरी एक तुळस होती आणि तिलाही पाणी माझी बहीण घालायची.

सासरे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. कालव्यांचे, रस्त्यांचे. सासूबाई गेल्यावर ते पेठेतली भाड्याची जागा सोडून वारज्याला आमच्याकडे राहायला आले, ते टेंपोत बारा कुंड्या घालून. बाकी सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक आरामखुर्ची. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आणि वर सोसायटीची सामायिक गच्ची. तिथे कुंड्या ठेवायची परवानगी मागितली, तेव्हा कमिटीनं फळ्यावर लिहिलं, 'गच्चीवर झाडे ठेवण्यास हरकत नाही. झाडांखाली गच्ची आहे व गच्चीखाली माणसे आहेत, हे ध्यानात असावे.' बाबांना ती सूचना फार आवडली. "लिहिणाऱ्याला मराठी येतं," म्हणाले.

चार वर्षांत बाराच्या बावीस झाल्या. सगळे गुलाबच. बाबांचा दिवस त्या झाडांभोवती फिरायचा. थंडीत मावा, उन्हं तापायला लागली की फुलकिडे आणि लाल कोळी, पावसाळ्यात पानं खाणारे भुंगेरे, आणि खवले कीड बारमाही. खवले कीड म्हणजे खोडावर पांढुरके पापुद्रे चिकटल्यासारखी दिसते. ती ते जुन्या टूथब्रशनं घासून काढायचे. माव्यासाठी साबणाचं पाणी. कोळ्यांसाठी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून खालून वर पाण्याचा जोरदार फवारा, कारण कोळी पानाच्या मागे राहतात. दर पंधरा दिवसांनी निंबोळीचं तेल, सूर्य कलल्यावर. याहून जहाल काही गच्चीवर आणायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्याला कारणही होतं. सकाळी पहिलं उमललेलं फूल बघितलं की त्यातली एक पाकळी ते तोंडात टाकायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते आजारी पडले. बरे झाले, पण वास गेला तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. दोन वर्षं वाट बघून बाबांनी तो विषय सोडून दिला. त्याच सुमारास डोळ्यांचं सुरू झालं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. ते घरात, जिन्यात, गच्चीवर व्यवस्थित फिरायचे. पण समोर धरलेल्या पानावर काय आहे ते त्यांना दिसेना. आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं येणार नाही, असं डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं. तिथून परत येताना रिक्षात ते म्हणाले, "रंग गेला, वास गेला. चव आहे अजून."

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, त्यामुळे समजूत घालायलाही जागा नव्हती.

मग त्यांनी मला विचारलं. "संध्याकाळी दहा मिनिटं वर येशील का? मी विचारीन तेवढंच सांगायचं."

माझी नोकरी स्वारगेटजवळच्या एका बँकेच्या शाखेत. बसनं घरी पोचायला साडेसहा होतात. नवरा खराडीला कामाला, तो नवाच्या आत कधी येत नाही. मी चहा घेऊन वर जायची. बाबा स्टुलावर बसलेले असायचे.

"पान उलटं कर. मागच्या बाजूला काय दिसतंय?"

"लाल ठिपके आहेत."

"हलतायत का?"

"नाही. हो, एक हलला."

"कोळी. किती पानांवर?"

सुरुवातीला मी अंदाजानं बोलायची. "बहुतेक बुरशी वाटते," असं काहीतरी. ते हात वर करून थांबवायचे. "वाटतं ते नको सांगूस. दिसतं ते सांग. वाटायचं काम माझं." ते वर्ष चांगलं गेलं. मला खरंच दिसायला लागलं होतं. फुलकिडा पांढऱ्या कागदावर झटकला की बारीक रेघेसारखा पळतो. कडेला अर्धगोल कापलेलं पान दिसलं तर घाबरायचं नाही, एका जातीची मधमाशी घरट्यासाठी तुकडा कापून नेते. पाठीवर ठिपके असलेला लाल भुंगा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, तो मावा खातो. मी ते सगळं सांगायची आणि बाबा मान हलवायचे. शाखेत दिवसभर माझ्याशी कुणी इतक्या लक्षपूर्वक बोलत नसे.

दुसऱ्या वर्षी शाखेतली दोन माणसं बदलून गेली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मी घरी यायची ती डोकं बधिर करून. एका संध्याकाळी मी हातात फोन घेऊन गच्चीवर उभी होते. ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी चाललं होतं.

"पलीकडच्या रांगेत बघ जरा."

"काही नाही," मी म्हणाले. मी त्या रांगेपाशी गेलेच नव्हते.

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांना पटलं. त्यांना न पटण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी पहिली दोन झाडं बघितली आणि उरलेली ठीक आहेत म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तीही बघितली नाहीत. अर्धा जानेवारी आणि फेब्रुवारी मी त्या गच्चीवर रोज दहा मिनिटं उभी राहिले आणि रोज म्हणाले, सगळं ठीक आहे.

फेब्रुवारी संपता संपता एका संध्याकाळी मी वर गेले तर बाबा स्टुलावर नव्हते. मधल्या रांगेत उभे राहून एका झाडाच्या शेंड्यावरून बोटं फिरवत होते.

"जाळं लागतंय हाताला," ते म्हणाले.

मी जवळ गेले. शेंड्यावर कोळ्यांची जाळी धरली होती. पानं तांबूस, धुरकट, कडा वळलेल्या. शेजारच्या झाडाच्या कळ्या न उमलताच तपकिरी पडल्या होत्या. तिसऱ्याच्या देठांवर मावा इतका दाट होता की देठ दिसत नव्हता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर महिना-दीड महिना वाढत होतं.

"हे एका दिवसाचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

ते पाइप शोधायला वळले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "तुला वेळ नसतो, ते मला कळतं. तसं सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

ते चिडून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "बाबा, मी करते सगळं नीट," आणि खाली निघून आले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षा करून मार्केट यार्डाकडे गेले. तिथे शेतीच्या औषधांची दुकानं आहेत. एकात शिरले आणि काय काय पडलंय ते सांगितलं. दुकानदार कुठल्यातरी जवळच्या गावचा असावा. माझं बोलणं पुरं होण्याआधीच त्यानं मागच्या फळीवरून एक बाटली काढली.

"हे मारा ताई. आठ दिवसात समदं साफ हाय बघा."

"घरातली झाडं आहेत. गुलाब."

"मग काय झालं? तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला. आठ-दहा दिवस झाडाला हात लावू नका कुणी. आन् माप जास्त घालू नका."

बाटलीवर लाल त्रिकोण होता. अतिविषारी, हा त्याचा अर्थ मला माहीत होता. मी ती डब्याच्या पिशवीत, रिकाम्या डब्याखाली घालून घरी आणली आणि बाल्कनीच्या माळ्यावर रद्दीमागे ठेवली.

शनिवारी संध्याकाळी बाबा ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीला जातात. दोन तास तरी येत नाहीत. ते गेल्यावर मी वर गेले, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि फवारायच्या बाटलीत औषध कालवलं. दुकानदारानं सांगितलेलं माप पाठीवरच्या मोठ्या पंपाचं होतं, माझी बाटली लहान. हिशेब करायच्या ऐवजी मी झाकणानं ओतलं. मग आणखी एक झाकण. मला एकाच फेरीत सगळं संपवायचं होतं. पानं खालून, वरून, कळ्या, देठ, सगळं ओलं होईपर्यंत मी मारत राहिले. वास उग्र होता, डोळ्यांत पाणी आलं. उतरताना मनात आलं की बाबांना हा वास येणार नाही, म्हणजे त्यांना कळणार नाही. मला बरं वाटलं होतं. हे मी लिहिते आहे, कारण ते तसंच होतं.

ते परत आले तेव्हा मी जेवण वाढत होते.

"बाबा, दोन-चार दिवस वर जाऊ नका. टाकी धुणार आहेत, सगळीकडे पाणी आणि शेवाळ असेल. घसराल."

"हं," ते म्हणाले, आणि आमटीत लिंबू पिळलं.

दोन-चार दिवसांत काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. गच्चीला कुलूप लावावं असं मनात आलं होतं, पण गच्ची सामायिक, कुलूप लावलं तर दहा जण विचारणार. आणि बाबांना खरं कारण सांगायचं, तर त्यांचा नियम मोडला हेही सांगावं लागणार. मी ठरवलं, झाडं सुधारली की सांगू.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास दाराची बेल सलग वाजत राहिली. दारात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त अधिकारी. शांत माणूस; रोज सकाळी बुद्धवंदनेसाठी गच्चीवरून दोन फुलं न्यायचे, बाबांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर उलटी उडाली होती.

"लवकर चला," ते म्हणाले. "बाबा वर पडलेत."

मी आणि नवरा वर धावलो. बाबा दोन कुंड्यांच्या मध्ये भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामानं भिजलेला, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडत होते. त्यांनी नवऱ्याच्या आवाजाकडे मान वळवली आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. खालच्या काकांनी आणि नवऱ्यानं त्यांना उचलून खाली आणलं. मी पाठीमागून चपला घेऊन धावत होते. बाबांच्या चपला मी का घेतल्या होत्या, मला माहीत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बॅटरीनं बाबांचे डोळे बघितले. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या मलासुद्धा दिसल्या. तिनं आमच्याकडे वळून विचारलं, "घरात कीटकनाशक आहे का? शेतीचं, ढेकणांचं, कसलंही?"

"नाही," नवरा म्हणाला. "बाबा आणूच देत नाहीत."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा शोधलं. भीती होती, पण बाबांच्या जिवाची नव्हती. नवरा शेजारी उभा होता, त्यानं ते ऐकू नये, एवढंच मनात होतं. डॉक्टरीण म्हणाली, वय बघता मेंदूचाही फोटो काढून घेऊ, आणि स्ट्रेचर घेऊन गेले. नवरा त्याच्या बहिणीला फोन लावत होता. मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग उठले आणि आतल्या खोलीत गेले.

"मी काल झाडांवर औषध मारलंय," मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "जहाल होतं. माप जास्त झालं. ते पाकळ्या खातात."

"बाटली आहे?"

"घरी."

"आणायला पाठवा. मगाशीच का नाही सांगितलंत?"

तिला उत्तर नको होतं. तिनं नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. मी बाहेर येऊन नवऱ्याला बाटली कुठे आहे ते सांगितलं. माळ्यावर, रद्दीच्या मागे. तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं एवढंच विचारलं, "मागे का?" आणि गाडीची किल्ली घेऊन निघाला.

उताऱ्याचं औषध चढायला लागलं तसे बाबा बरळायला लागले. ते होतं, असं नर्सनं सांगितलं. डोळे उघडे असतात, पण माणूस शुद्धीवर नसतो. दिवसभर ते पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होते. अंगठा आणि तर्जनी जुळवून, चिमटीत धरून, चुरडून बाजूला टाकायचं. पुन्हा पुढचं. मावा वेचताना ते अगदी असंच करायचे. नणंद आली होती, तिनं विचारलं, "काय करतायत हे?" मी म्हणाले, "माहीत नाही."

दोन दिवसांनी ते भानावर आले. अशक्त होते, पण बोलणं स्पष्ट होतं. पाणी मागितलं, आज वार कोणता ते विचारलं. मला त्यांच्याशी एकटीनं बोलायचं होतं, पण खोलीत सतत कुणी ना कुणी असायचं. आणि तिसऱ्या दिवशी हवालदार आले. विषबाधा असली की दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं, हे आम्हाला आधी सांगितलं होतं. हवालदार वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मांडीवर वही ठेवली.

"आजोबा, झाडांवर औषध कुणी मारलं?"

मी तोंड उघडलं.

"मी," बाबा म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही ना नीट?"

"कडेचं दिसतं. फवारायला तेवढं पुरतं."

"बाटली कुणी आणली?"

"मीच मागवली होती. माप चुकलं. हात न धुता तोंडाला लावला. माझी चूक."

हवालदारांनी लिहून घेतलं. मध्ये एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा लिहायला लागले. नवऱ्यानं बाबांचं बोट धरून सही कुठे करायची ती जागा दाखवली. बाबांनी पूर्ण नावाची सही केली, ओळ सोडून तिरकी गेली. अर्ध्या सुताची चूक कधी चालवून न घेतलेल्या माणसाची ती सही मी बघत होते. मी काही बोलले नाही. त्या दिवसांतली ही माझी दुसरी गोष्ट, जी मला सांगायला अवघड जाते.

घरी जाताना गाडीत नवरा म्हणाला, "तिनं विचारलं तेव्हा लगेच सांगितलं असतंस तर?"

"हो."

"किती वेळ गेला मध्ये?"

"पंधरा मिनिटं असतील."

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं हा विषय काढला नाही, अजूनही नाही. पुढच्या महिन्यापासून तो आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला लागला. कारण मी विचारलं नाही.

बाबा सहाव्या दिवशी घरी आले. त्याआधी मी रजा घेऊन गच्चीवर गेले होते. हातमोजे घालून सगळी फुलं, कळ्या आणि कोवळी पानं कापली, पिशव्यांत बांधली, झाडं आणि कुंड्या पुन्हा पुन्हा धुतल्या. मावा मेला होता, तो देठांवर काळा पडून वाळला होता. ठिपक्यांचे लाल भुंगेही मेले होते, कुंड्यांतल्या मातीवर उलटे पडलेले. कोळी मात्र पंधरा दिवसांत परत आले, आधीपेक्षा जास्त. त्यांना खाणारं आता कुणी उरलं नव्हतं. सात झाडं त्या उन्हाळ्यात गेली.

खालच्या काकांची आणि माझी जिन्यात गाठ पडली. मी आभार मानले. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी अजून फुलं तोडली नव्हती. वर आलो तोच बाबा दिसले." त्यांच्या घरी तीन वर्षांची नात आहे, वंदनेची फुलं तिच्या हातात देतात, हे मला माहीत होतं. ते एवढंच बोलले आणि खाली गेले. हल्ली ते फुलं बाजारातून आणतात.

एप्रिलमध्ये बाबा पुन्हा वर जायला लागले. मला त्यांनी बोलावलं नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना ते काम संपल्यावर वर घेऊन जायचे. एकदा मी सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालायला गेले, तर जिन्याच्या तोंडाशी मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"मागच्या अंगाला लाल लाल हाय बघा. मिरचीपूड सांडल्यागत."

"हलतंय का?"

"थांबा. हां, चालतंय की."

"शाबास," बाबा म्हणाले. "अगदी बरोबर सांगतेस तू."

मी कपड्यांची बादली तशीच खाली घेऊन आले.

जूनमधल्या एका रविवारी नवरा बाहेर गेला होता. बाबा आरामखुर्चीत होते. मी चहा दिला आणि समोर बसले.

"बाबा, मी टाकीचं खोटं सांगितलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "टाकी धुवायची असली की वॉचमन आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा म्हणून सांगतो. कुणी आलं नव्हतं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"जेवतानाच."

"मग वर का गेलात?"

त्यांनी कप चाचपून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, एखादं झाड मेलंय आणि तू लपवते आहेस. महिनाभर लक्ष दिलं नाहीस म्हणून तुला वाईट वाटत असेल. म्हणून वर जाऊन सगळी झाडं हाताखालून घातली. एकेक. शेंड्यापासून मातीपर्यंत. पानं ओली होती, मला वाटलं दव आहे. सगळी जिवंत होती. बरं वाटलं. म्हणून पाकळी तोंडात टाकली."

मी कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला आणि विचारलं, "पोलिसांना तसं का सांगितलंत?"

"तो लिहून घेत होता. कागदावर गेलेलं खोडता येत नाही. घरातलं असलं तर खोडता येतं का, बघू म्हटलं."

"येतंय का?"

"अजून नाही," ते म्हणाले.

त्यांनी रेडिओ लावला. मी कप उचलून आत गेले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मावशी गावाला गेल्या. संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. पाऊस थांबला होता. या दिवसांत भुंगेरे अंधार पडता पडता मातीतून निघतात आणि पानं कुरतडतात. त्यांना वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं, हाच उपाय. बाबांनी मगात पाणी कालवून ठेवलं होतं. मी प्रत्येक पान उलटं केलं. जे होतं ते सांगितलं.

"या झाडावर तीन आहेत. तपकिरी. एक जोडी आणि एक सुटा. याच्यावर काही नाही. याचं शेंड्याचं पान पूर्ण खाल्लंय, शिराच उरल्यात. हे झाड वाचेल असं मला वाटत नाही."

"वाटतं ते नको," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

"खोड खालून वीतभर काळं पडलंय."

"मग ते उद्या काढू."

ते तो मग हातात धरून माझ्यासोबत एकेका कुंडीपाशी सरकत होते, आणि मी भुंगेरे त्यात टाकत होते. पंधरा झाडं बघायला पाऊण तास लागला. आम्ही दुसरं काही बोललो नाही. संपल्यावर त्यांनी तो मग गच्चीच्या मोरीत रिकामा केला, खळखळून धुतला, पालथा ठेवला. जिन्यात दिवा लागत नव्हता. मी दोन पायऱ्या खाली उतरून हात पुढे केला आणि म्हणाले, "बाबा, धरा."

त्यांनी कठडा धरला, आणि एकेक पायरी पावलानं चाचपत ते माझ्या शेजारून खाली उतरले.